तेवीस मागण्या आणि मॅडमचा एक प्रश्न

येरळाकाठ · ६ एप्रिल, रात्री १०:५०

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सांगितल्याशिवाय झोप यायची नाही.

मंगळवारी आम्ही साडेतीनशे-चारशे लोक प्रांत कचेरीवर गेलो होतो. गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं. नाव लिहीत नाही, इथले निम्मे आयडी माझे पाहुणेच निघतील. विषय उपसा सिंचनाच्या उन्हाळी आवर्तनाचा, म्हणजे पंपानं उचलून पाळीपाळीनं चारीत सोडायच्या पाण्याचा. योजनेचं नावही लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल.

आमचं आंदोलन बिनानेत्याचं आहे, आणि ते ठरवून. पाच वर्षांमागं असाच उठाव झालेला. तेव्हा पुढं असलेल्या गड्याच्या गळ्यात सहा महिन्यांत पक्षाचं उपरणं पडलं आणि चारी कोरडी ती कोरडीच राहिली. म्हणून यावेळी मारुतीच्या देवळात पहिल्याच बैठकीला ठरलं की अध्यक्ष नाही, निमंत्रक नाही, फ्लेक्सवर कुणाचं थोबाड नाही. फ्लेक्सवर फक्त कोरड्या चारीचा फोटो. अकरा गावं गोळा झाली, आठ दिवसांत. एवढी तर गेल्या वेळी नेता असतानाही झाली नव्हती.

तर मोर्चा पोचला. प्रांत मॅडम स्वतः बाहेर आल्या, चांगलं बोलल्या. म्हणाल्या, "पाच जण आत या, बसून बोलू." झालं! आमची बैलगाडी तिथंच रुतली. पाच कोण? अकरा गावांचे पाच कसे? कुणी म्हणालं दर गावाचा एक, कुणी म्हणालं बायका पण पाहिजेत, एकजण म्हणाला मीडियाला पण आत घ्या. अर्धा तास उन्हात ही चर्चा. शेवटी अठ्ठावीस जण आत गेलो. खुर्च्या सहा.

मॅडमनी निवेदन वाचलं. चार पानं, तेवीस मागण्या. शेवटच्या पानावरून परत पहिल्यावर आल्या आणि विचारलं, "यातली आधी कुठली?"

एका दमात सात-आठ आवाज. पाणीपट्टी माफ करा. टेलला, म्हणजे चारीच्या शेवटच्या टोकाला, पाणी सोडा. पोटचारीऐवजी बंदिस्त पाइपलाइन करा. जमिनी गेल्या त्यांचा मोबदला. आणि मागून एक आवाज, "स्मशानभूमीचा रस्ता." हो, तो पण होता. १९ नंबरला.

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. शिक्का मारून पोच दिली, वर पाठवते म्हणाल्या. आम्ही बाहेर येऊन गाड्यावर भजी खाल्ली आणि घरी आलो. माझ्या खिशात ती पोच अजून आहे, तिला तेलाचा डाग पडलाय.

नेता नको हे अजूनही पटतं. पण तोंड एक पाहिजे. ते बिनानेत्याचं कसं काढायचं? कुणी पाहिलंय का कुठं झालेलं?

बेदाणा · ६ एप्रिल, रात्री ११:०५

भजी कुठल्या गाड्यावर ते आधी सांगा. बाकीचं नंतर.

माणदेशी_धोंडा · ६ एप्रिल, रात्री ११:२०

भावा, अठ्ठावीस आत गेले तिथंच हरलात. आमच्याकडं म्हणत्यात, बारा गावच्या बारा, कुणी कुनाचा न्हाई थारा. सायबाला काय, त्यो बघत बसतो. तुमचंच तुमच्यात जुंपलं की त्याचं काम झालं.

जुना_पेन्शनर · ७ एप्रिल, सकाळी ६:४०

येरळाकाठ, आपल्याच मातीतलं उदाहरण देतो. १९४२ च्या ९ ऑगस्टला गांधीजींसह काँग्रेसचे सगळे मोठे नेते पहाटे उचलले. दिल्ली-मुंबईहून आदेश देणारा कुणी उरला नाही. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचे सातारा आणि सांगली, दोन्ही. (दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ साली, त्याचं सांगली नाव पडलं १९६० ला.) त्या बिनानेत्याच्या दिवसांत इथल्या लोकांनी तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे काढले. ३ सप्टेंबरला तासगाव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर. वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे लोक पडले. इस्लामपूरलाही गोळ्या चालल्या.

आता मुद्दा बघा. त्या मोर्च्यांकडं तेवीस मागण्यांचा कागद नव्हता. कचेरीवर तिरंगा लावायचा, एवढंच. सांगायची गोष्ट आणि करायची गोष्ट एकच होती. खेड्यातल्या माणसाला भाषण समजावून सांगावं लागलं नाही. झेंडा वर गेला की नाही, हे त्याला लांबून दिसत होतं.

प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना डावलून लोकांनी चालवलेला कारभार, त्यानंतरचं, १९४३ पासून पुढं. तिथं क्रांतिसिंह नाना पाटील होते, कुंडलचे जी. डी. बापू लाड होते, तूफान सेना होती, गावोगाव न्यायमंडळं होती. तेव्हा कुणी बिनानेत्याचं होतं म्हणू नये. पण एक माणूस पकडला म्हणून काम थांबलं, असंही तिथं झालं नाही. गट गटाचं बघत होता.

सांगली_ते_न्यूजर्सी · ७ एप्रिल, सकाळी ८:१५

मी २०११ मध्ये तिकडं होतो. १७ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' सुरू झालं, मी तीन आठवड्यांनी एका शनिवारी बघायला गेलो. वॉल स्ट्रीटजवळचं पार्क, पण बघायला गेलं तर आपल्या मारुती चौकापेक्षा फार मोठं काही नाही.

तिथं लाउडस्पीकरला परवानगी नव्हती. मग बोलणारा एक वाक्य म्हणायचा, आजूबाजूचे सगळे तेच मोठ्यानं म्हणायचे, त्यांच्या मागचे पुन्हा म्हणायचे. वाक्य लाटेसारखं मागं जायचं. म्हणजे ज्याला ते पटत नाही त्यालाही स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागायचं! मला फार गंमत वाटली. आणि एक फायदा सांगतो, लांब वाक्य चालायचंच नाही. सात-आठ शब्दांपुढं गेलं की मागं कुजबुज व्हायची.

गंमत अशी की त्या आंदोलनाची हाक देणाऱ्या मासिकाच्या पोस्टरवरच प्रश्न होता: आपली एकच मागणी कोणती? ती शेवटपर्यंत ठरली नाही. रोज सभा, सभेत सगळ्यांचं मत जुळेपर्यंत चर्चा. बँका, घरांची कर्जं, विद्यार्थ्यांची कर्जं, निवडणुकीतला पैसा, युद्धं. १५ नोव्हेंबरला पहाटे पोलिसांनी पार्क रिकामं केलं.

पण 'आम्ही ९९ टक्के' हे राहिलं. कायदा एकही बदलला नाही असं म्हणा हवं तर, पण 'वरचे एक टक्का' हा शब्द तिथल्या चहाच्या टपरीवर (म्हणजे त्यांच्या कॉफीच्या दुकानात) आला. म्हणजे मागणी आणि संदेश ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्याकडं संदेश होता, मागणी नव्हती. तुमच्याकडं मागण्या तेवीस आहेत, संदेश एकही नाही.

बेदाणा · ७ एप्रिल, सकाळी ८:३०

शेवटचं वाक्य लागलं. भजीसकट.

कंदी_पेढा · ७ एप्रिल, दुपारी १:१०

मी साताऱ्याची. २०१६ च्या मराठा मूक मोर्चात चालले होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. ९ ऑगस्टला औरंगाबादला पहिला निघाला, मग जिल्ह्याजिल्ह्यांत. सांगलीचा सप्टेंबरच्या शेवटी, आमचा ऑक्टोबरच्या सुरुवातीला.

लोक गर्दीबद्दल बोलतात. मला आठवते ती शांतता. पोवई नाक्याकडं रस्ता माणसांनी भरलेला आणि ऐकू येतंय फक्त चपलांचं घासणं. पुढं मुली, मग बायका, मग पुरुष, आणि राजकारणी सगळ्यांत शेवटी. व्यासपीठ नाही, भाषण नाही. कलेक्टरना निवेदन देणाऱ्या पण मुलीच. मोर्चा संपल्यावर पोरं रस्त्यावरच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करत होती.

मागण्या होत्याच. कोपर्डीत मुलीवर बलात्कार करून तिला मारणाऱ्यांना फाशी, आरक्षण, ॲट्रॉसिटी कायद्यात बदल, शेतमालाचा भाव. पण खरं सांगू? माझ्या शेजारी चालणारी मुलगी कोपर्डीसाठी आलेली. माझे मामा पोराच्या ॲडमिशनसाठी. पलीकडचे आजोबा कांद्याच्या भावासाठी. कुणीच बोलत नव्हतं, त्यामुळं प्रत्येकाला वाटत होतं की मोर्चा आपल्याच गोष्टीचा आहे. मौनाची ताकद तीच होती आणि पेचही तोच. आणि माझी दलित मैत्रीण खिडकीतून तोच मोर्चा बघत होती, तिला त्या शांततेत फक्त तिसरी मागणी ऐकू आली. ते तिनं मला दोन वर्षांनी सांगितलं.

पुढं मौन सुटलं. २०१८ मध्ये ठोक मोर्चे झाले, जाळपोळ झाली, त्याच वर्षी १६ टक्के आरक्षणाचा कायदा आला, हायकोर्टानं तो १२ आणि १३ वर आणला, ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं रद्द केला. तोपर्यंत चार मागण्यांतली एकच लोकांच्या तोंडात उरली होती. ती कुणी निवडली, कधी निवडली, हे मला आजही सांगता येणार नाही. मला कुणी विचारलं नव्हतं एवढं नक्की.

पाटकरी · ७ एप्रिल, दुपारी २:००

नेता नव्हता, नेता नव्हता, हे जरा जपून म्हणा. एवढे लोक चालवायचे तर पार्किंग कुठं, पाणी कुठं, स्वयंसेवकांना टीशर्ट कुणी छापले, रांग कुणी लावली? कुणीतरी बैठका घेतल्याच असणार. नेता नाही म्हणजे नेत्याचं नाव माहीत नाही एवढंच. आणि नाव माहीत नसलं की जाब विचारता येत नाही.

येरळाकाठ, तुमच्या ग्रुपचा ॲडमिन कोण आहे?

येरळाकाठ · ७ एप्रिल, दुपारी २:२५

मी.

पाटकरी · ७ एप्रिल, दुपारी २:२६

😀

येरळाकाठ · ७ एप्रिल, दुपारी २:५०

हसा. पण मी फक्त निवेदन टाइप केलं. ग्रुपवर ज्यानं जी मागणी टाकली ती जोडत गेलो. एकाची घेतली, दुसऱ्याची सोडली, तर उद्या म्हणतील हा कोण ठरवणारा. नाही म्हणायचा अधिकार कुणालाच दिला नव्हता, म्हणून कागद फुगत गेला. आता लक्षात येतंय.

उसाचा_फड · ७ एप्रिल, रात्री ९:००

२०१७ चा शेतकरी संप आठवतो का? पुणतांब्याच्या ग्रामसभेतून निघालेला. १ जूनपासून दूध-भाजीपाला शहराला जाऊ द्यायचा नाही. आमच्याकडं डेअरीचे टँकर अडवले, रस्त्यावर दूध ओतलं. (ते ओतणं मला तेव्हाही बघवलं नाही. माझी आई म्हणाली, पोरांना तरी वाटा. पुढं बऱ्याच ठिकाणी वाटलंही.) बाकी मागण्या होत्या, पण तोंडात एकच, सातबारा कोरा करा. तेवीसबिवीस भानगड नाही.

आणि तरी मोडला कशावर? २ तारखेच्या रात्री काही प्रतिनिधी मुंबईला मुख्यमंत्र्यांकडं गेले आणि पहाटे बाहेर येऊन संप मागं घेतल्याचं सांगितलं. सकाळी गावोगाव एकच सवाल, ह्यांना पाठवलं कुणी? निम्मे म्हणाले मागं, निम्मे म्हणाले चालू. पुन्हा सुकाणू समिती, पुन्हा चर्चा, आणि २४ जूनला ३४ हजार कोटींची कर्जमाफी, दीड लाखापर्यंतची. मिळालं काहीतरी, नाही कसं. पण त्या पहाटेनंतर माणसं एकमेकांकडं संशयानं बघायला लागली ती लागलीच.

म्हणजे मागणी एक असून भागत नाही. आत जाऊन "हो" कोण म्हणणार, हा खरा प्रश्न. तुमच्या मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. पाच जण कोण.

माणदेशी_धोंडा · ७ एप्रिल, रात्री ९:१५

ह्ये बरोबर बोलला.

फिरस्ता_मिरजकर · ७ एप्रिल, रात्री ११:३०

फ्रान्समध्येही हेच. १७ नोव्हेंबर २०१८, 'पिवळी जाकिटं'. डिझेलवरचा कर वाढणार म्हणून खेड्यापाड्यातले, गाडीशिवाय ज्यांचं चालत नाही असे लोक चौकाचौकांत बसले. तिकडं प्रत्येक गाडीत ते चमकणारं जाकीट ठेवायची सक्ती आहे, म्हणजे गणवेश आधीच घराघरांत. काय डोकं लावलंय बघा! झेंडा शिवायला नको, छापायला नको.

त्यांच्याही मागण्या वाढत गेल्या, ४२ कलमांची एक यादी फिरली. किमान पगार, पेन्शन, बेघरांना घर, जनतेला थेट मतदानानं कायदा करता यावा, सगळं आलं. पंतप्रधानांनी चर्चेला बोलावलं तर बोलावलेल्यांपैकी दोघंच आले. बाकीच्यांना आपल्याच लोकांकडून धमक्या, की तू कोण आमच्या वतीनं बोलणार. त्या दोघांतला एक तर चर्चा थेट दाखवू देत नाहीत म्हटल्यावर उठून गेला. तरी डिसेंबरात सरकारनं ती करवाढ सोडून दिली. बघा, सुरुवातीचा जो एक 'नको' होता तोच सुटला. बेचाळीसमधलं बरंचसं तसंच राहिलं.

हाँगकाँगवाल्यांनी २०१९ मध्ये पाच मागण्या केल्या आणि हाताची पाच बोटं दाखवायची, पाचातली एकही कमी नाही. पोरं फोनवर मतं घेऊन ठरवायची, नेता कुणी नाही. पाचांतली एक मिळाली, आरोपींना चीनकडं सोपवायचं प्रत्यार्पणाचं विधेयक मागं घेतलं. उरलेल्या चारांवर कुणी तडजोड करायची म्हटलं तर तसा अधिकार कुणाकडंच नव्हता, आणि बोटं तर पाच दाखवून झालेली. जून २०२० मध्ये नवा सुरक्षा कायदा आला आणि रस्ताच बंद झाला.

कंदी_पेढा · ८ एप्रिल, सकाळी ७:५०

बांगलादेशचं राहिलं. २०२४ ला विद्यार्थी नोकरीतल्या कोट्यासाठी बाहेर पडले. कोर्टानं कोटा ५६ वरून ७ टक्क्यांवर आणला, म्हणजे मूळ मागणी जवळजवळ पुरी. पण तोवर इतकी पोरं मारली गेली होती की ती मागणी कुणाच्या लक्षातही राहिली नाही. आधी नऊ कलमं, मग ३ ऑगस्टला ढाक्याच्या शहीद मिनारवर 'एक दफा', सरकार जाऊ दे. ५ तारखेला शेख हसीना देश सोडून गेल्या. नऊची एक झाली ती रक्तानं झाली. तशी एकी कुणाला नको.

जुना_पेन्शनर · ८ एप्रिल, सकाळी ८:३०

एवढ्या लांब जाऊ नका हो. पाण्यापुरतं बोलायचं तर धडा आटपाडीत आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार खानापूर तालुक्यात दुष्काळी कामावर लागले आणि विचारू लागले की ही खडी फोडून दुष्काळ कसा हटणार. त्यातून मुक्ती संघर्ष ही चळवळ उभी राहिली, येरळेवर तांदुळवाडीला लोकांनी बळीराजा धरण बांधलं, त्यासाठी नदीतली वाळू विकून पैसा उभा केला. धरण केवढं, तर बेताचंच. पण नियम असा केला की पाणी जमिनीच्या एकरावर नाही, माणसावर वाटायचं. भूमिहीनालासुद्धा वाटा.

पुढं १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख. तेरा दुष्काळी तालुके. हे नेतेच होते, कबूल. पण वाक्य बघा: 'समन्यायी पाणीवाटप'. डाळिंबवाला, ज्वारीवाला, मेंढपाळ, रोजगारी बाई, सगळे त्यात बसतात. कुणाच्या पिकाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. त्या दोन शब्दांवर माणसं पंचवीस-तीस वर्षं बैठकीला येत राहिली.

येरळाकाठ, तुमच्या तेवीसमध्ये असे दोन शब्द दडलेत का, शोधा.

पाटकरी · ८ एप्रिल, सकाळी १०:००

मी नावाप्रमाणे पाटकरीच होतो, एका जुन्या कालव्यावर, आता निवृत्त. येरळाकाठला एक सांगतो, रागावू नका. अकरा गावांत हेडची, म्हणजे जिथून पाणी सुरू होतं त्या वरच्या बाजूची, किती, टेलची किती? हेडवाला मोर्चात कशाला आलाय? त्याला पाणी मिळतंच. त्याचं दुखणं पाणीपट्टीचं. उपशाच्या वीजबिलात सरकारचे ८१ टक्के आणि शेतकऱ्याचे १९, ते १९ त्याला टोचतात. टेलवाल्याला पाणीच नाही, तो म्हणणार वरच्यांच्या मोटरी काढा. आणि तो वरचा तर शेजारीच घोषणा देतोय! तुम्ही एका निवेदनात एकमेकांविरुद्धच्या मागण्या घातल्यात. ५ नंबर आणि ११ नंबर वाचा.

येरळाकाठ · ८ एप्रिल, सकाळी १०:४०

वाचलं. ५: "वितरिकेवरील अनधिकृत मोटारी तात्काळ जप्त कराव्यात." ११: "वितरिकेवरील मोटारींची वीज तोडू नये."

मीच टाइप केलंय हे.

बेदाणा · ८ एप्रिल, सकाळी १०:४२

🙏🙏🙏

येरळाकाठ · ११ एप्रिल, रात्री ११:४०

काल पुन्हा बैठक झाली, देवळातच. तुमचं सगळं डोक्यात घेऊन गेलो होतो. सांगतो काय झालं.

न्यूजर्सीवाल्यांची युक्ती केली. माइक बंद. म्हटलं, ज्याला मागणी मांडायची त्यानं एका दमात म्हणता येईल अशी म्हणायची, आणि सगळ्यांनी ती मोठ्यानं परत म्हणायची. "वितरिका क्रमांक अमुकच्या विमोचकाची दुरुस्ती" कुणाच्या तोंडात बसेना, पोरं हसायला लागली. "मोटरी काढा" म्हटलं तर निम्मं देऊळ गप्प. "पाणीपट्टी माफ" म्हटलं तर आमची टेलची निम्मी बाजू गप्प, न आलेल्या पाण्याची कसली पट्टी. ती शांतता मात्र उपयोगी पडली. कोण कुठं गप्प बसतंय ते दिसलं. व्हॉट्सॲपवर दिसत नाही, तिथं सगळे अंगठा दाखवतात.

तास-दीड तास असं चाललं. मग आमच्या वाडीची एक काकू, एक एकर द्राक्षबाग आहे तिची, ती दारात चपला घालत उभी. जाता जाता म्हणाली, "मला काय तुमचं त्ये पाच आन् अकरा कळत न्हाई. खरडछाटणी घिऊ का नगं एवढं सांगा. पाणी कवा येनार त्येची तारीख कळली तर मी कात्री लावते. न्हाई कळली तर टँकरचं आत्ताच सांगून ठिवते. आमाला तारीख सांगा म्हनावं."

कुणीतरी सवयीनं मोठ्यानं परत म्हटलं, तारीख सांगा. आणि सगळं देऊळ म्हणालं. हेडवाले पण.

मग वरच्या गावचा एकजण उठला, आमचा एरवीचा वैरी, आणि म्हणाला, "आम्ही तरी का ओढतो? पुन्हा कवा येतंय ठाऊक नसतं, म्हणून आलं की विहीर भर, शेततळं भर. पंधरा दिवसांनी येणार हे नक्की असेल तर कशाला रात्रीचं बिल वाढवू?" मी इतकी वर्षं त्याला चोर म्हणत आलोय. तो अगदीच साव आहे असं नाही. पण हे कधी कानावर आलं नव्हतं.

आत जाणाऱ्यांचंही ठरलं. उसाच्या फडाचं ऐकून. पाच जण चिठ्ठ्या टाकून, दोन बाया धरून, दर खेपेला नवे पाच. त्यांनी फक्त ऐकून यायचं आणि लिहून आणायचं. हो-नाही म्हणायचं नाही. हो म्हणायचं ते देवळात. साहेबांना दोनदा बसावं लागेल, बसू देत.

उसाचा_फड · १२ एप्रिल, सकाळी ७:००

झकास. फक्त एक, पहाटे कुणाला कुठं जाऊ देऊ नका.

पाटकरी · १२ एप्रिल, सकाळी ७:४५

तारीख सांगतील. कागदावर सांगायला काय जातंय? पंप नादुरुस्त, लाइट गेली, पुढची तारीख. आणि टेलचं काय झालं? आधी टेलला पाणी द्यायचं आणि मग वर सरकत यायचं, ही पद्धत कागदावर आहेच. ती मागणी कुठं गेली?

येरळाकाठ · १२ एप्रिल, सकाळी ८:३०

गेली. मांडली होती मीच, "टेल आधी". निम्मं देऊळ गप्प बसलं. रेटली असती तर सहा गावं उठून गेली असती. उरलेल्या बावीस मागण्या एका रजिस्टरात लिहून ठेवल्यात, त्यात ती पहिली. स्मशानभूमीचा रस्ता ग्रामपंचायतीकडं धाडला.

बोचतंय मला. आमचं गाव शेवटचं. तारीख कळली तरी त्या तारखेला आमच्या चारीत किती पोचेल कुणास ठाऊक. गावात दोघंतिघं म्हणतायत की ॲडमिननं गाव विकलं. त्यांना काय सांगू? मी नुसती री ओढली, ठरवलं देवळानं, असं म्हणालो. पण माइक बंद करायचं मीच ठरवलं होतं.

कंदी_पेढा · १२ एप्रिल, सकाळी ९:१०

निदान तुम्हाला माहीत आहे की ती मागणी कधी आणि कुणाच्या गप्प बसण्यामुळं सुटली. आम्हाला ते कधी कळलंच नाही. रजिस्टर जपून ठेवा, आणि दर बैठकीला पहिलं पान वाचून दाखवा. हेडवाल्यांना ऐकू येऊ दे.

माणदेशी_धोंडा · १२ एप्रिल, सकाळी ९:३०

आन् तारीख दिऊन पाणी न्हाई आलं तर त्या दिवशी अकरा गावं कचेरीत. तवा पुन्हा काय मागायचं ह्ये इचारत बसू नगा.

येरळाकाठ · १२ एप्रिल, दुपारी ४:००

तेच ठरलंय. सोमवारी जातोय. हा फ्लेक्स, आत्ता छापून आला. चारीचा फोटो तोच, खाली एकच ओळ.

जुना_पेन्शनर · १२ एप्रिल, दुपारी ४:२०

फोटो उत्तम. पण 'आवर्तणाची तारीख सांगा' असं छापलंय. न नळाचा पाहिजे, बाणाचा नव्हे. बाकीचे छापायला गेले नसतील तर थांबवा.

येरळाकाठ · १२ एप्रिल, दुपारी ४:२५

गेले. अकराच्या अकरा. पेंटरला फोन लावतोय.